आईच्या डिस्चार्ज कागदावर अँटीबायोटिक नव्हतं

मागच्या कार्तिकात मिरजेत आईचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. सहाव्या दिवशी डिस्चार्जचा कागद हातात आला आणि मी तो दोनदा उलटा-सुलटा करून बघितला. पॅरासिटामॉल, पोट साफ व्हायची पावडर, रक्तवाढीची गोळी, शुगरच्या नेहमीच्या गोळ्या. बास. अँटीबायोटिकचं नावच नाही. माझं सांगलीत मेडिकल आहे, २२ वर्षं काउंटरला उभा आहे, टाक्यांचा पेशंट घरी जाताना ५ नाहीतर ७ दिवसांच्या अँटीबायोटिकच्या स्ट्रिपा घेऊनच जातो हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मला वाटलं गडबडीत लिहायचं राहिलं. इथं तर वीतभर पोट उघडलेलं, गाठीसकट आतड्याचा तुकडा काढून परत जोडलेलं, वय ६८, त्यात शुगर, आणि गोळी एकपण नाही?

माझ्यापेक्षा जास्त घाबरला धाकटा भाऊ. त्याला घाबरायचं कारण आहे, ते त्याच्या पोटावरच आहे. २०११ ला त्याचं अपेंडिक्स फुटलेलं. पोटात दुखतंय म्हणून ३ दिवस गावातच दुखायची इंजेक्शनं घेत बसला, फळछाटणीचे दिवस होते, द्राक्षाची बाग सोडून कुठं जायचं म्हणून, आणि चौथ्या दिवशी पोट फळीसारखं कडक झालं. रात्री ऑपरेशन. त्यानंतर जखम पिकली, टाक्यातनं पाणी, मग पू, रोज संध्याकाळी हुडहुडी भरून ताप. त्या टाक्यांची जागा अजून खोकला आला की फुगते, हर्निया झालाय तिथं. आईला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, नेल्यावर तो बाहेर बाकावर शर्टावरनं तीच जागा दाबत बसलेला, मला म्हणाला, दादा, आईला माझ्यासारखं होऊ द्यायचं नाही, काय लागंल ती भारीतली गोळी तू आण.

म्हणून कागद बघितल्यावर तो म्हणाला, तुझ्या दुकानातनं आण की, डॉक्टरला कशाला विचारायला पाहिजे. आणि खरं सांगतो, क्षणभर माझ्या पण डोक्यात आलेलं. मग म्हणलं नको, विचारून येऊ.

ओपीडी भरलेली, बेळगाव-विजापूरकडचे पेशंट, जतचे, आटपाडीचे, मिरजेत नेहमीच असतात तसे. आमचा नंबर आला तेव्हा दीड वाजलेला. डॉक्टर म्हणाले, बसा, राहिलेलं काय नाही, अँटीबायोटिक दिलंय की, ऑपरेशनच्या आधीच दिलंय. धाकटा म्हणाला, आधी? आधी कशाला, तेव्हा जखमच नव्हती. डॉक्टर म्हणाले, म्हणूनच.

मग त्यांनी पॅड ओढून मागच्या कोऱ्या बाजूला पोटाची भिंत काढली, कातडी, चरबी, स्नायू, आणि खाली आतडं, आणि पेनानं आरपार एक रेघ मारली. चिरा मारला की हजार बारीक रक्तवाहिन्या तुटतात, रक्त येतं, ते गोठतं, जखमेच्या दोन्ही काठांवर गुठळीचा थर बसतो. जंतू त्याच वेळेला पडतात, कातडीवरचे असतात, आतडं उघडलं की आतले असतात. आता त्या घटकेला रक्तात औषध असेल तर गुठळीत औषध मिसळलेलंच असणार, जंतूला पाय रोवायला जागा नाही. पण ऑपरेशन झाल्यावर दिलं तर काठावरच्या वाहिन्या एव्हाना बंद झालेल्या, औषध शरीरात सगळीकडं फिरतं आणि नेमकं जिथं पाहिजे तिथं पुरेसं पोचत नाही, आणि तोवर जंतू वाढायला लागलेले असतात.

धाकट्यानं रेघेकडं बघितलं आणि म्हणाला, म्हणजे द्राक्षावरच्या डावणी रोगासारखं. पाऊस पडायच्या आत औषध पानावर पाहिजे.

डॉक्टर पण आमच्याच भागातले निघाले, त्यांच्या घरी पण बाग आहे. ते म्हणाले, अगदी तेच.

द्राक्षवाल्याला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. छाटणीनंतर कोवळी फूट असते, आभाळ भरून येतं, पान ओलं राहिलं की डावणीचं बी पानावर रुजतं. त्याच्या आत पानावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) किंवा दुसरं काही बसलेलं पाहिजे, म्हणून आपल्याकडं रात्री १२ ला पण ट्रॅक्टर चालू करून माणसं ब्लोअर घेऊन बागेत शिरतात. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीत कितीजणांना बागेत चिखलामुळं ट्रॅक्टरच घालता आला नाही आणि ८ दिवसांनी नुसतं औषधाचं बिल राहिलं, घड गेले. पान पिवळं पडून खालनं पांढरं दिसायला लागल्यावर तेच प्रतिबंधक औषध चौपट मारलं तरी गेलेलं पान परत येत नाही. २२ वर्षं औषधं विकून मला जे नीट कळलं नव्हतं ते त्याला त्या एका रेघेत कळलं.

घरी आल्यावर मी वाचत बसलो, कारण मला राहवेना. ही गोष्ट काय आत्ताची नाही. १९६१ साली अमेरिकेत बर्क नावाच्या सर्जननं गिनीपिगच्या कातडीत जंतू टोचले आणि अँटीबायोटिक वेगवेगळ्या वेळेला दिलं. जंतूच्या आधी किंवा बरोबर दिलं तर सूज जवळपास नाहीच, उशीर करत गेलं तसा उपयोग कमी कमी होत गेला, आणि ३ तास उलटले की दिलं काय आणि न दिलं काय सारखंच. मग १९९२ ला सॉल्ट लेक सिटीत २८४७ पेशंटचा हिशोब काढला, ठरवून केलेली ऑपरेशनं, पेशंट माणसं, गिनीपिग नव्हेत. चिऱ्याच्या आधीच्या २ तासात औषध मिळालं त्यांच्यात जखम पिकायचं प्रमाण ०.६ टक्के. फार आधी, म्हणजे २ तासांपेक्षा जास्त आधी दिलं त्यांच्यात ३.८ टक्के. आणि चिऱ्यानंतर ३ तास उलटून गेल्यावर दिलं त्यांच्यात ३.३ टक्के. औषधच दिलं नाही असं नाही हं, औषध सगळ्यांना दिलेलं, फरक फक्त घड्याळाचा. हे वाचून मी दुकानात खुर्चीवर बराच वेळ नुसता बसून होतो.

आईचा भुलीचा चार्ट मी नंतर भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमना विनंती करून बघितला. ८ वाजून ४० मिनिटं, सेफाझोलिन २ ग्रॅम शिरेतनं, त्याबरोबर मेट्रोनिडाझोल. ९ वाजून १० मिनिटं, चिरा. आणि मग खाली १२ वाजून ४० मिनिटांना परत सेफाझोलिन २ ग्रॅम. हे दुसरं कशाला म्हणून विचारलं तर मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन लांबलं, ४ तास झाले की सेफाझोलिन रक्तातनं उतरतं, पोट तर अजून उघडंच आहे, म्हणून परत द्यायचं. रक्त फार गेलं, दीड लिटरच्या वर, तरी परत द्यायचं. मेट्रोनिडाझोल जास्त वेळ टिकतं म्हणून ते परत नाही. पोट शिवलं की संपलं. वॉर्डात आल्यावर एकही डोस नाही.

सेफाझोलिन. म्हणजे इतकं जुनं आणि साधं औषध! आमच्याकडं कुणी ते मागत पण नाही, लोकांना नवीन नावाचं, महागाचं पाहिजे असतं, 'पॉवर'चं. पण इथं काम काय आहे बघा, कातडीवरचे स्टॅफ सारखे जंतू आणि आतड्यातल्यापैकी ई-कोलाय सारखे बरेचसे, तेवढ्याला हे पुरतं, आणि आतड्यात हवेशिवाय जगणारे असतात त्यांच्यासाठी मेट्रोनिडाझोल. मोठ्या आतड्याच्या एका ग्रॅम मळात जंतूंची संख्या १० हजार कोटींच्या घरात जाते. ते आतडं कापायचं आहे आणि पोटात सांडू द्यायचं नाही, आणि थोडं सांडणारच हे धरून तयारी करायची आहे. हर्नियात आतडं उघडत नाहीत त्यामुळं तिथं फक्त कातडीवरच्यांची भीती. आणि दुर्बिणीनं पित्ताशय काढायचं असेल, धोका कमी असेल, ठरवून केलेलं असेल, तर बऱ्याच ठिकाणच्या नियमात अँटीबायोटिक द्यायची गरजच नाही म्हणून लिहिलंय. प्रत्येक पोट वेगळं.

सिझरचं पण सांगतो कारण माझ्या काउंटरला ते सगळ्यात जास्त येतं. पूर्वी सिझरला अँटीबायोटिक बाळाची नाळ कापल्यावर द्यायचे, बाळाला औषध जाऊ नये म्हणून. नंतर दिसलं की चिऱ्याच्या आधी दिलं तर आईला इन्फेक्शन कमी होतं आणि बाळाला त्यानं त्रास वाढत नाही, म्हणून आता आधीच द्या म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं पण सांगितलंय. सांगायचं काय, तर ऑपरेशन आधीचं अर्धा-एक तास हे इतकं मोलाचं आहे, आणि आपण सगळे नंतरच्या ७ दिवसांच्या गोळ्यांकडं डोळे लावून बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ ला स्पष्टच लिहिलं की ऑपरेशन संपल्यावर नुसतं जखम पिकू नये म्हणून अँटीबायोटिक चालू ठेवू नका. कारण त्यानं जखम पिकायची कमी होत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी ओटीत जी यादी मोठ्यानं वाचतात, २००८ पासूनची, ज्याचं काम आपल्याच मराठी वंशाच्या डॉक्टर अतुल गावंडे यांच्या पुढाकारानं झालं, त्यात पण एक प्रश्न आहे, गेल्या ६० मिनिटात अँटीबायोटिक दिलंय का. कुठला पेशंट, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू, या प्रश्नांच्या रांगेतच तो प्रश्न आहे.

पण मला सगळ्यात जास्त पटलं ते अँटीबायोटिकच्या बाहेरचं. आदल्या दिवशी संध्याकाळी सिस्टर आल्या, आईला साबणानं अंघोळ घालायला सांगितलं, बेंबी नीट साफ करायला सांगितली. मी समजूतदारपणे नवीन ब्लेड आणि रेझर घेऊन गेलेलो, पोटावरचे केस काढायला लागतात म्हणून. त्यांनी ते परत दिलं. म्हणाल्या, मामा, ब्लेड नको, ब्लेडनं डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि त्यात रात्रभर जंतू वाढतात, लागलंच तर सकाळी आम्ही मशीननं कापतो. माझ्या लहानपणी ऑपरेशन म्हणलं की आदल्या रात्री न्हावी बोलवायचे. मग पोट साफ करायचं ते पाणी, २ लिटर, आईनं नाक दाबून प्यालं, आणि त्याच दिवशी तोंडानं अँटीबायोटिकच्या गोळ्या, आतड्यातली गर्दी कमी करायला. नुसतं पोट साफ करून उपयोग नसतो, त्याबरोबर गोळ्या असल्या तर फायदा, ही मोठ्या आतड्याची खास गोष्ट.

शुगर सकाळी २१० होती. २१० ला आत घेणार नाही म्हणाले, इन्सुलिन लावलं, १६० ला आली तेव्हा नेलं. धाकटा बाहेर चिडलेला, उशीर लावतायत म्हणून. नंतर डॉक्टरनीच समजावलं की शुगर चढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी मंद होतात, जंतू खायचं काम नीट करत नाहीत, मग इंजेक्शन एकटं काय करणार. ओटीत अंगावर गरम हवेची चादर घालतात, अंग गार पडलं की कातडीला रक्त कमी जातं म्हणून. पोटाला क्लोरहेक्सिडिनचं स्पिरिटवालं औषध लावून ते वाळेपर्यंत थांबतात, वाळू देणं महत्वाचं. आणि शेवटी पोट शिवायच्या आधी सगळ्यांनी हातमोजे बदलले आणि शिवायची हत्यारं नवीन घेतली. ही शेवटची गोष्ट मला कुणी सांगितली असती तर मी म्हणलं असतं त्यात काय एवढं. पण २०२२ ला ७ देशात, त्यात भारत पण आहे, १३३०१ पेशंटवर हेच तपासलं. नेहमीसारखं केलं तिथं १८.९ टक्के जखमा पिकल्या, मोजे-हत्यारं बदलली तिथं १६ टक्के. एक जोडी मोजे हो! आणि १८.९ हा आकडा पण बघा, आपल्यासारख्या देशात पोटाच्या ऑपरेशनमध्ये जवळपास पाचातल्या एकाची जखम पिकते.

मिरजेत हे सगळं चाललेलं असताना मला सारखं एक डोक्यात येत होतं. याच गावात १८९४ ला वानलेस डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हा पेनिसिलिनचा शोध लागायला अजून ३४ वर्षं होती. पोटाची ऑपरेशनं तरी होत होती. उकळलेली हत्यारं, जंतुनाशक, साबण, पाणी, धुतलेले हात, आणि सर्जनचा हलका हात. अँटीबायोटिक नंतर आलं ते या सगळ्याच्या जोडीला आलं, याच्या जागी नाही. आपण ते जागी आणून बसवलं.

आता धाकट्याचं २०११ चं, कारण ते वेगळं प्रकरण आहे आणि दोन्हीची गल्लत होते. आईच्या पोटात आधी पू नव्हता. तिला दिलं ते होऊ नये म्हणून. धाकट्याचं अपेंडिक्स फुटून पोटात घाण पसरलेली, म्हणजे त्याला इन्फेक्शन झालेलंच होतं, तिथं अँटीबायोटिक हा उपचार आहे, ते ऑपरेशननंतर पण द्यावंच लागतं. हे वाचून कुणी फुटलेल्या अपेंडिक्सचा किंवा पोटात पू झालेल्या पेशंटचा कोर्स मनानं बंद करू नका, हात जोडून सांगतो.

पण तिथं पण आम्ही चुकलो. ताप उतरेना म्हणून अँटीबायोटिक बदललं, परत उतरेना परत बदललं, तिसऱ्यांदा इतकं महाग की एका दिवसाला साडेतीन हजार, मी होलसेलनं आणून देत होतो आणि मनात म्हणत होतो आता यानं उतरंल. तेवढ्यात जुलाब लागले, दिवसाला १५ वेळा. अँटीबायोटिकनं आतड्यातले चांगले जंतू मेले की वाईट जंतू माजतात आणि असे जुलाब होतात, हे मला पुस्तकात माहीत होतं, भावाला संडासपर्यंत धरून नेताना कळलं. बाराव्या दिवशी स्कॅन केला. ओटीपोटात खाली, मूत्राशयाच्या मागं, लिंबाएवढी पूची पोकळी. सोनोग्राफीत बघत बघत सुई घालून नळी टाकली, पिशवीत जे आलं त्याचा वास मी विसरू शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा त्याला हुडहुडी भरली नाही. औषध तेच होतं. पूच्या पोकळीत रक्त जात नाही तर औषध कुठनं जाणार?

२०१५ ला अमेरिका-कॅनडात ५१८ पेशंटवर बघितलं, पोटातला पू नीट काढलेला, फुटलेली जागा बंद केलेली. अर्ध्यांना त्यानंतर मोजून ४ दिवस अँटीबायोटिक, बाकीच्यांना ताप आणि पांढऱ्या पेशी उतरल्यावर आणखी २ दिवस, ते सरासरी ८ दिवस पडलं. दोन्हीकडं त्रास सारखाच झाला, २१.८ टक्के आणि २२.३ टक्के. फुटलेल्या किंवा सडलेल्या अपेंडिक्सवर नेदरलँड्समध्ये हजारभर पेशंट घेऊन केलं, ते २०२३ ला छापून आलं, ऑपरेशननंतर २ दिवस आणि ५ दिवस, २ दिवसांवाले काही मागं पडले नाहीत. धाकट्याला २०११ ला मी २६ दिवस मोजलेत. त्यातले किती दिवस त्या लिंबाएवढ्या पोकळीभोवती नुसतं औषध फिरत होतं याचा हिशोब मी अजून करतो.

आणि याची किंमत एकट्या पेशंटला नाही पडत. ६६ देशातल्या १२५३९ पोटाच्या ऑपरेशनांचा अभ्यास २०१८ ला आला, त्यात ज्यांची जखम पिकली आणि जंतू तपासले त्यांच्यात २१.६ टक्के जंतू असे निघाले की ऑपरेशनआधी जे अँटीबायोटिक दिलं त्यालाच ते दाद देत नव्हते. म्हणजे चिऱ्याआधीचं ते एक मोलाचं इंजेक्शन, तेच निकामी व्हायला लागलंय. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळं जगात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं थेट गेली. हे धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडं पण तसंच, एकाच गटातलं औषध सारखं मारलं की डावणी त्याला ऐकत नाही, म्हणून आम्ही गट बदलून बदलून मारतो, उगाच मारत नाही. माणसाच्या अंगात आपण उगाच मारतो.

आमच्या दुकानाचं पण बोलतो. १ मार्च २०१४ पासून एच-वन आलं, म्हणजे ठराविक औषधांच्या विक्रीचा कडक नियम, सेफिक्झिम वगैरे विकताना रजिस्टरला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव लिहायचं, ते रजिस्टर ३ वर्षं ठेवायचं, कागदाशिवाय द्यायचं नाही. लाल रेघेची स्ट्रिप असते. पण माणूस काउंटरला येऊन म्हणतो, अहो टाके आहेत, पिकू नये म्हणून ५ गोळ्या द्या, मागच्या वेळी तुम्हीच दिलेल्या. मागच्या वेळी मीच दिलेल्या असतात, कागदावर. आता मी देत नाही. त्याऐवजी १० मिनिटं बोलतो, गर्दी असली तर नंबर घेतो आणि नंतर फोन करतो. काहीजण पुढच्या दुकानात जातात, जाऊ देत.

काय बघायचं ते सांगतो बसून. टाक्याभोवती पहिल्या दोन-तीन दिवसात थोडं लाल असतं, ते घाबरायचं नाही. पण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर लाली वाढत चालली, हात लावला की गरम, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, गढूळ पाणी किंवा वास येणारं काही येतंय, ताप आहे, पोट फुगलंय, उलट्या, संडास-वारा बंद, तर गोळी नाही, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरकडं, त्याच दिवशी. हे ३० दिवस बघायचं, जाळी बसवली असेल तर ९० दिवस. हळद लावू नका जखमेवर. सांगलीत बसून हे म्हणायला जीभ जड होते, सगळा बाजार हळदीवर उभा आहे आपला, पण ओल्या टाक्यावर घरची हळद, तूप, पावडर काही नको. हात धुवून मगच ड्रेसिंगला हात. सिगरेट-तंबाखू ऑपरेशनच्या ४ आठवडे आधीपासून बंद, तंबाखूनं जखम भरायला रक्त कमी पडतं. ही ४ आठवड्याची गोष्ट ऐकून गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघतं की जणू मी जमीन मागितली.

आईची जखम धाकटा रोज बघायचा. सकाळी बागेत जायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा, मोबाईलची टॉर्च लावायचा आणि वरनं खाली एकेक टाका मोजत यायचा, २३ होते. आई म्हणायची, अरे घड मोजतूयास का काय. बाराव्या दिवशी टाके काढले, सुकी जखम, बेंबीच्या बाजूला वळसा घालून गेलेली बारीक गुलाबी रेघ. मी नको म्हणलेलं तरी तिसाव्या दिवशी ती घडांच्या विरळणीला बायका लागल्यात म्हणून बांधावर खुर्ची टाकून बसलेली.

परवा माझ्याकडं एक पोरगा आला, कवलापूरकडचा, बायकोचं सिझर होऊन ८ दिवस झालेले. म्हणाला, टाक्याला थोडं पाणी येतंय, पॉवरची एक स्ट्रिप द्या, बाळ लहान आहे, दवाखान्यात सारखं कुठं जायचं. मी म्हणलं फोटो आहे का. होता. डाव्या टोकाला दोन टाक्यांमध्ये फुगलेलं, चकचकीत लाल, मध्ये पिवळा थेंब. म्हणलं, यात पू आहे, ही गोळी तिथं पोचायची नाही, आत्ताच्या आत्ता तिला घेऊन जा, बाळाला आईकडं ठेव, मी तुझ्या डॉक्टरना फोन लावून देतो. तो उभाच राहिला, शेजारी दुसरं मेडिकल आहे तिकडं बघत. मग गेला. संध्याकाळी साडेसातला त्याचा फोन आला, मागं बाळ रडत होतं. दोन टाके सोडले, वाटीभर आलं, धुतलं, आत पट्टी ठेवली, रोज बदलायला बोलवलंय. गोळ्या? म्हणलं. म्हणाला, लाली पसरलेली नाही, ताप नाही, म्हणून आज तरी नाही दिल्या, पू तपासायला पाठवलाय. आणि आता दुखतंय का तिला? थांबा विचारतो म्हणाला, आणि आतनं तिचाच आवाज आला, सकाळपेक्षा लई हलकं वाटतंय म्हणावं.